तिच्या जागी सुपारी

नाशिक,
वैशाख वद्य दशमी, शके १८५७

प्रिय जनार्दन,

कुशलवृत्त नंतर. आधी एक तक्रार नोंदवून घे. तू मला कार्ड लिहिलंस, उघडं कार्ड. अक्षर मोत्यासारखं, शाई गडद, आणि मजकूर एवढाच: ‘मथुरा आल्यापासून कोणाशी धड बोलत नाही. तिकडे काय झालं ते कळव.’ चांदवडच्या टपालापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत हा मजकूर किती जणांच्या वाचनात आला असेल, हा चिंतनाला उत्तम विषय आहे. टपालवाला जमील कार्ड हातात देता देता म्हणाला, “शास्त्रीबोवा, बाई बोलत नाय म्हनं? कायतरी दवापानी करा.” तेवढ्यात शेजारच्या उमाकाकू गॅलरीतून वाकल्या. “कोण बोलत नाही? मथुराबाई? अगंबाई, मग नक्कीच काहीतरी गंभीर आहे!” तासाभरात गल्लीत तीन औषधं आणि एक मांत्रिक सुचवून झाला. बाबा रे, पाकीट नावाची वस्तू सरकारनं याच प्रसंगांसाठी काढली आहे. हे उत्तर पाकिटातून येत आहे. डिंक मुद्दाम जास्त लावला आहे, उघडताना कागद जप.

आता तुझा प्रश्न. ‘तिकडे’ म्हणजे वेस्ट इंडीजच्या बेटांवर, असं धरून चालतो. तिकडे काही बिघडलं नाही. बिघडलं ते इथं, रामकुंडावर, सकाळी आठच्या सुमारास. पण तिकडचं सांगितल्याशिवाय इथलं कळायचं नाही, आणि आम्ही परत आल्यावर तू भेटलास तेव्हा मी बोटीवरच्या उकडलेल्या बटाट्यांवरच तासभर व्याख्यान दिलं. म्हणून आता नीट सांगतो. मांडी घालून बस.

प्रवासाचं मूळ तुला ठाऊक आहे. आमचे मॉर्टन साहेब पंधरा वर्षांमागे इथं असताना माझ्याकडे संस्कृत शिकत. पेन्शनीत गेल्यावर त्यांनी गोदामाहात्म्याच्या एका जुन्या पोथीचं भाषांतर हाती घेतलं आणि चौथ्या अध्यायात रुतले. त्यात छाती अधू झाली, डॉक्टरांनी थंडीचे दिवस उबदार समुद्रावर काढायला सांगितलं. साहेबांचं पत्र आलं: तुम्ही या, बोटीवर बसून पोथी पुरी करू, तुमचा आणि बाईंचा प्रवास माझ्याकडे. मी ते पत्र मथुरेला, तुझ्या बहिणीला, वाचून दाखवलं आणि म्हणालो, “तूही चल.” जनार्दना, असं म्हणायचं असतं. पुढच्या माणसानं “इश्श, मी कुठं येऊ?” म्हणायचं असतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी या रीतीवर विसंबून किती उदार झालो याला गणती नाही. ती म्हणाली, “निघायचं कधी?” आणि माळ्यावरून ट्रंक खाली काढली. त्यात माझ्या दोन धोतरांच्या वर तिचे मेतकुटाचे चार डबे बसले.

दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, हे पसंत नव्हतं. ते रामकुंडावरचे उपाध्ये, वडिलांमागे घर त्यांनी चालवलेलं, मला पाठशाळेत घातलं तेही त्यांनीच. मी बासष्टीच्या माणसासमोर पन्नाशीत अजून उभ्यानं बोलतो. ते एवढंच म्हणाले, “जा. आलास की बघू.” त्या ‘बघू’कडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

विलायतेतल्या साउदॅम्प्टनहून निघालेली ती बोट निराळीच होती. आजवर मी पाहिलेले लोक कुठंतरी पोचण्यासाठी बोटीत बसत. हे चारशे इंग्रज नुसते जाऊन येण्यासाठी बसले होते. सकाळी दोन तास साहेब आणि मी पोथी घेऊन बसायचो. उरलेला दिवस मोकळा. बेट आलं की बोट थांबायची, कंपनीच्या मोटारी धक्क्यावर तयार असायच्या, मंडळी त्यांत बसून डोंगर, धबधबा, हॉटेलातलं जेवण असं करून संध्याकाळी परतायची. पहिल्या बेटाच्या आदल्या दिवशी त्या यादीत आमची नावं घालायला गेलो, तर बोटीवरचा कारकून फार गोड बोलला. तुमच्या खाण्यापिण्याचे नियम वेगळे, तुम्हांला आपापलं हिंडणंच सोयीचं होईल, नाही का? त्या गोडीचा अर्थ मला कळला. तुझ्या बहिणीला इंग्रजीचं अक्षर येत नसूनही माझ्याआधी कळला. म्हणाली, “बरंच झालं. त्यांच्यामागं मेंढरांसारखं कोण फिरेल? आपले आपण जाऊ. मला बाजार बघायचाय, धबधबे दुगारवाडीला आहेत.”

मग आम्ही आपले आपण गेलो. म्हणजे ती पुढे गेली आणि मी छत्री घेऊन मागे. बार्बाडोस नावाच्या बेटावर तिनं भाजीवाल्या हबशिणीशी अर्धा तास अस्खलित मराठीत घासाघीस केली आणि सीताफळाच्या जातीचं एक फळ आणि पेरू पदरात घेऊन आली. मी म्हटलं, अगं, मला सांगायचंस, मी इंग्रजीत विचारलं असतं. तर म्हणते, “तुम्ही इंग्रजीत बोलला असतात तर तिला निम्मं कळलं असतं. मी मराठीत बोलले म्हणून हातानं सगळंच सांगावं लागलं.” मी पेरू छत्रीत भरून घेतले. ग्रेनेडा बेटावर तिनं जायफळाचं झाड पाहिलं. पिवळं फळ मधोमध उकललेलं, आत लालभडक जाळी, जाळीत जायफळ. ती जाळी म्हणजेच जायपत्री. तीस वर्षं पुरणात किसून घालतेय, झाड आज दिसलं, म्हणून झाडाखाली बसूनच राहिली. मी घड्याळ दाखवलं. “जाईल बोट तर जाईल,” म्हणाली. “इथं राहू. तुम्ही पोथ्या सांगा, मी जायफळं वेचीन.” मी हसलो. ती पुरती हसत नव्हती, हे आता आठवतं.

तिसरं बेट त्रिनिदाद. तिथं आपल्याकडची माणसं पुष्कळ. उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेल्यांची मुलं-नातवंडं. बहुतेक सगळी काशी-गोरखपुराकडची, बोलणं त्यांचं त्यांचं, मला चारांतला एक शब्द कळे. बाजारात ऊन रणरणत होतं. मी भेंडीच्या ढिगाशेजारी उभा. तुझी बहीण भाव करता करता माझ्याकडे वळून ओरडली, “अहो, सावलीत उभे राहा की! नाहीतर या बाईला वाटायचं मी तुम्हालाच विकायला आणलंय.” आणि पलीकडे पालेभाजी घेऊन बसलेली एक म्हातारी एकदम खो खो हसली. त्या आख्ख्या बाजारात ते कळणारी तेवढी एकच. हसता हसता तिचे डोळे भरले. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “कुठल्या वं बाई तुमी?”

तुझी बहीण म्हणाली, “नाशिकची. माहेर चांदवड.”

म्हातारी उठून उभी राहिली. “चांदवड! आन् रेनुकामाय? डोंगरातली? हाय का अजून?”

तिचं नाव भागुबाई. तुझ्या चांदवडशेजारच्या वडाळीकडची. सोळा-सतराची असताना सासूबरोबर काशीयात्रेला गेली, गर्दीत चुकली. एका भल्या माणसानं सांगितलं, कलकत्त्याला चल, साखर चाळायचं काम आहे, पैसे साठव आणि घरी जा. त्या साखर चाळण्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नवरा गोरखपूरकडचा होता, तो वारला. मुलं, सुना, नातवंडं, गाय, एवढा बारदाना. मराठी बोलायला कोणी नाही. “गायीशी बोलते,” म्हणाली. “तिला समद्यांपरीस बरं कळतं.”

भाजी तशीच शेजारणीच्या हवाली करून ती आम्हांला घरी घेऊन गेली. गावाबाहेर, भाड्याच्या मोटारीनं अर्ध्या तासाची वाट, दोन्ही बाजूंना ऊस. तिथं दोघीजणी ज्या बोलत बसल्या, त्याला काळवेळेचं भान नव्हतं. डोंगरावरच्या पायऱ्या, जत्रा, कुठल्या विहिरीला गोड पाणी, बाजरीची भाकरी थापताना कुणाची आई काय म्हणायची. मी ओसरीत बसून तिच्या मुलाशी इंग्रजीत ऊस या विषयावर बोललो. मग ताटं आली. रोटी, भोपळ्याची भाजी, दही. मी ताटाकडे पाहिलं. माझं पाहणं संपायच्या आत तुझ्या बहिणीनं पहिला घास घेतला होता आणि म्हणत होती, “भागुबाई, यात थोडं दाण्याचं कूट घालायचं.” मीही जेवलो. छान होतं.

जेवणं झाल्यावर भागुबाई माझ्यासमोर येऊन बसली, हात जोडून. म्हणाली, “म्हाराज, तुमी शास्तरी. एक इचारू? म्या दर्या वलांडला. खानं-पिनं समदं बाटलं. आता मेले तर आपली गंगा मला पान्यात घेईल का?”

तिनं हे चाळीस वर्षं कोणाला विचारलेलं नव्हतं. आपली गंगा म्हणजे नाशिकची गोदावरी, हे तिथल्या पंडितांना कुठलं ठाऊक असणार? मी उत्तर दिलं. आयुष्यात इतकं ठाम उत्तर मी कोणाला दिलेलं नाही, विद्यार्थ्यालासुद्धा नाही. म्हटलं, “बाई, आपली गंगा शेवटी जाते कुठं? समुद्रातच ना? तिला समुद्राचं पाप लागत नाही, तर तुला कसं लागेल? समुद्र ओलांडण्यात पाप नाही. तुला तर पळवून आणलेलं. तुला काही दोष नाही. मी नाशिकचा शास्त्री रामकुंडाची शपथ घेऊन सांगतो.” तिनं पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. मग तुझ्या बहिणीकडे वळून म्हणाली, “तुमचा मालक लय मोठा मानूस हाय वं.” एरवी अशा वाक्याला तिकडून काय उत्तर आलं असतं, तूच कल्पना कर. त्या दिवशी तिनं नुसती मान डोलावली.

निघायला उशीर झाला. बोट बंदराबाहेर उभी, तिच्याकडे नेणारी शेवटची लाँच सुटायच्या बेतात, आणि आम्ही धक्क्यावरून धावतो आहोत, मी पुढे छत्री उंच धरून आणि ती मागून भागुबाईनं दिलेला भोपळा कडेवर घेऊन. लाँचमध्ये दम खात बसलो तेव्हा तिनं माझ्या कोटाची बाही झटकली, उगाच. “आज चांगलं बोललात,” म्हणाली. जनार्दना, काव्यतीर्थ ही पदवी मिळाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पुढची बेटं सोडतो. फाल्गुनात घरी आलो. दादांच्या घरून कोणी आमच्याकडे पाणी पिईना. भांडण नाही, शब्द नाही, फक्त पाणी नाही. वहिनी दारातूनच बोलून जायच्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुझी बहीण वाट पाहत बसली, गल्लीतल्या निम्म्या बायका आल्या नाहीत. तिनं उरलेली डाळ आणि पन्हं टांगेवाल्या लियाकतच्या घरी पाठवून दिलं. “त्यांच्या बेगमला आवडतं,” म्हणाली, तेवढंच. वैशाखात दादांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, त्रिंबक, यजमान विचारतात, भाऊ म्लेच्छ देशात जाऊन आला, तुम्ही त्याच्या पंक्तीला बसता काय? आषाढात वडिलांचं श्राद्ध आहे. प्रायश्चित्त घेऊन टाक. दोघंही बसा. सकाळची दोन घटकांची गोष्ट.

मी घरी येऊन सांगितलं. तुझी बहीण तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “तुम्हांला काय करायचं ते करा. मी काही केलेलं नाही, मी बसणार नाही.” मला वाटलं, बसेल. असं म्हणायचं असतं, असं मला वाटलं. बघ, त्या रीतीनं मला पुन्हा दगा दिला.

शुद्ध दशमीला सकाळी रामकुंडावर गेलो. क्षौर झालं, मिशी गेली, पंचगव्य घेतलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही, पंचगव्य हे वर्णनासाठी नसतं. मग संकल्पाला बसलो तर भटजी म्हणाले, पत्नी कुठं? मी दादांकडे पाहिलं. दादांनी कनवटीची सुपारी काढली, माझ्या उजव्या हाताला पाटावर दर्भ घालून त्यावर ठेवली. पत्नी हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवून कर्म उरकतात, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो. तिथं हात पुढे करून ती उचलायला किती वेळ लागला असता? मी उचलली नाही. भटजींनी सांगितलं तसं म्हणालो: समुद्रोल्लंघनाचं पाप, अभक्ष्यभक्षणाचं पाप, माझं आणि माझ्या धर्मपत्नीचं. तिचं नाव, गोत्र, सगळं स्पष्ट उच्चारलं. माझे उच्चार चांगले आहेत.

घरी आलो. माझं तोंड पाहून ती आधी हसली. “सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय,” म्हणाली. मग हसू गेलं. “आणि माझं काय केलंत?” मला सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही. सांगितलं.  “कुठली सुपारी? आपल्या डब्यातली?” मी म्हटलं, दादांची. “बरं,” म्हणाली. दुपारी पानं वाढली, माझं वाढलं आणि समोर स्वतःच्या पाटावर एक सुपारी ठेवून तिच्यापुढे पान मांडलं, भात, वरण, लिंबाची फोड, सगळं. “आज हिच्या पंक्तीला बसा. मी इथं नाहीच आहे.” मी तिला लोकसंग्रह समजावून सांगितला. एखादी गोष्ट शुद्ध असली तरी लोकांना रुचत नसेल तर करू नये, अशा अर्थाचं वचन सांगितलं. त्याचा अन्वयही लावून दिला. पोथीत सापडेल तेवढं सगळं सांगितलं.

द्वादशीला लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधून, दूधवाल्याला सांगून, ती निघाली. मोटारीत बसल्यावर मला म्हणाली, “भागुबाई त्या दिवसापासून निवांत झोपत असेल. तिला तिथं सांगितलंत ते खरं होतं, की कुंडावर बोललात ते? दोन्ही खरं असू शकत नाही, हे मला तुमच्याइतकी शिकलेली नसूनही कळतं. तिला जे सांगितलंत ते इथं दादांसमोर सांगा. मी त्याच दिवशी येते.” मोटार सुटली. हे झालं ते असं. ती तुझ्याकडे बोलत नाही, कारण तिचं बोलून झालेलं आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. तिला जाऊन आज तेरावा दिवस. मी रोज संध्याकाळी दादांशी बोलायचं ठरवून कुंडावर जातो. दादा भेटतात, “ये रे, जेवलास का?” म्हणतात, आणि मी भाजी घेऊन परत येतो. घरात वांगी साठली आहेत. मथुरेला वाटतं की मला ते पाप खरं वाटलं, किंवा माझ्या लोकसंग्रहात काही अर्थ होता आणि तिला तो पटला नाही. दोन्ही चूक आहे. मला त्या क्षणीही ठाऊक होतं की पाप नाही. मी दादांना भ्यालो. इतकंच. सगळी वचनं मी घरी येताना वाटेत आठवून काढली. हे मी तिला तोंडावर सांगू शकलो नाही, म्हणून तू तिला हा कागद वाचून दाखव, इथपर्यंत सगळा, माझी लाज राखण्यासाठी काही गाळू नकोस. आणि पुढचं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी बोलेन असं तिला वचन द्यायला मी आज सकाळी बसलो होतो, पण लिहवलं नाही. मला खरोखर काळजी ही आहे की मी दादांसमोर तोंड उघडणार नाही, उद्या नाही आणि आषाढातही नाही, आणि ती म्हणाली तसंच करील, परत येणार नाही.

तुझाच,
त्रिंबक